पुढच्या सीटवरचे अठ्ठावन्न किलो

काटेकाकांच्या गाडीतून आवाज येत होता, पण तो काटेकाकांना ऐकू येत नव्हता. यात त्यांच्या कानांचा काही दोष नव्हता. आवाजच असा आडमुठा होता की गाडी माणसांनी भरलेली असेल तरच यायचा, आणि काटेकाकांची गाडी गेलं वर्षभर माणसांनी भरलेली नव्हती.

काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, आणि पारड्याखाली चुंबक चिकटवणाऱ्याला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी भाजी घेताना त्यांची दोन बोटं आपोआप पारड्याखाली जायची. भाजीवाल्यांनी ते मनावर घेणं सोडून दिलं होतं. इमारतीतल्या लहानथोरांनी त्यांना काटेकाका केलं, आणि हळूहळू टपालवालाही त्याच नावाने हाक मारू लागला.

गाडी मात्र खरोखरच मोठी होती. सात सीटांची, उंच, आत बसायला पायरी चढावी लागणारी. घरात सहा माणसं होती तेव्हा घेतलेली. मग मुलाला दूरदेशी नोकरी लागली आणि तो बायकोमुलांना घेऊन गेला. मग सूनबाई पुन्हा कामावर जायला लागल्या, तेव्हा नातवंडांकडे बघायला काकू ‘दोन महिने’ म्हणून गेल्या. त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षं होत आली होती. मापातली एवढी फसवणूक काकांनी कुठल्याही दुकानदाराची खपवून घेतली नसती, पण इथे दंड कोणाला करणार?

गेल्या वर्षी सुट्टीत सगळे तीन आठवडे आले होते. परत जायच्या दिवशी काका त्यांना विमानतळावर सोडायला निघाले. गाडी खच्चून भरलेली. फाटकाशी वळताना पुढच्या चाकांकडून आवाज आला, कट्-कट्-कट्-कट्.

“बाबा, हा कसला आवाज?” मुलगा म्हणाला.

“मला वाटलं माझे गुडघे,” पुढच्या सीटवरून काकू म्हणाल्या आणि सगळे हसले.

परतताना काका एकटेच होते. त्याच फाटकाशी, त्याच वळणावर त्यांनी कान टवकारले. काही नाही. गाडी गपगुमान आत आली. काकांना तेव्हा आवाज न आल्याचं वाईट वाटलं, आणि गाडीच्या आवाजासाठी माणसाला वाईट वाटतं याचंही जरा आश्चर्य वाटलं.

पुढे वर्षभर मुलगा दर आठवड्याला फोनवर विचारायचा, “गाडीचा आवाज?” काका सांगायचे, “नाही येत.” “आणि तुमचं कसं चाललंय?” “उत्तम चाललंय.” ही दोन्ही उत्तरं ठरलेली होती. पहिलं निदान खरं होतं.

मग एका रविवारी मुलाने फोनवर विषय काढलाच. “बाबा, आम्ही वीस तारखेला येतोय. या वेळी सोक्षमोक्ष लावू. एवढं घर, एवढी गाडी, आणि तुम्ही एकटे. दोन्ही विकून टाका आणि आमच्याकडे चला.”

“माझं इथे उत्तम चाललंय.”

“साधा गाडीचा आवाज काढून घेणं झालं नाही तुम्हाला वर्षभरात!”

“आवाज येतच नाही!”

“ठीक आहे. आम्ही सगळे बसू आणि फाटकाशी वळवू. आला आवाज, तर गाडीही विकायची आणि घरही. मान्य?”

“मान्य!” काका गरजले, आणि फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांना कळलं. गाडी गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण घर गेलं, तर काकू परत येणार कुठे? दोन वर्षं ते ज्या एका गोष्टीची वाट बघत होते ती ही, आणि ती त्यांनी कोणालाही सांगितलेली नव्हती. काकूंना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि ग्राहकाचं म्हणणं खोटंच असणार असं धरून चालणारा. काकांना तो त्यामुळेच आवडायचा. त्याने गाडी एकट्याने दोन फेऱ्या फिरवून आणली आणि किल्ली काकांच्या हातावर ठेवली.

“आवाज नाही.”

“भरलेली असली की येतो.”

“मग भरून आणा.”

“अहो, तुम्ही नुसतं उघडून बघा ना!”

मिस्त्रीने हात पुसले. “साहेब, इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारे दोन दांडे असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाला दोन सांधे. चाक वळलं तरी दांडा फिरत राहावा म्हणून. कट्-कट् म्हणजे त्यांतला एक सांधा झिजला. चारांतला कोणता, ते ऐकल्याशिवाय कळायचं कसं? चारही बदलू?”

त्याच्या या हट्टामागे इतिहास होता. एका ग्राहकाच्या शब्दावर त्याने एकदा गाडीचा पुढचा निम्मा भाग खोलला होता आणि शेवटी आवाज सीटखाली लोळणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा निघाला होता. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. आधी आवाज, मग पाना.

इमारतीत ही बातमी लगेच पसरली, कारण काकांनी ती वॉचमनला सांगितली होती. समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यातच त्यांना गाठलं.

“काका, पेशंट म्हणतो इथे दुखतं, आणि कीड असते शेजारच्या दातात. तुम्ही स्वतः आत बघा. सांध्यावर रबराचा बूट चढवलेला असतो, तो फाटला की आतलं ग्रीस बाहेर उडतं. माझ्या गाडीचं झालं होतं.” आणि त्यांनी दात बघायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा आणि कपाळाला बांधायचा दिवा काकांना देऊन टाकला. “आरसा धुऊन परत करा,” एवढं मात्र बजावलं.

दुपारी काका पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली सरकले. दिव्याने नेमका त्यांच्याच डोळ्यांवर उजेड पाडला. आरशात त्यांना स्वतःचं नाक, मग एक नट, मग पुन्हा नाक दिसलं. हात घालून चाकाची आतली बाजू चाचपताना काहीतरी काळं, चिकट त्यांच्या बोटांना आणि तिथून कपाळाला लागलं. डांबर असेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कोणीतरी त्यांचे दोन्ही पाय धरून त्यांना ओढायला लागलं.

झालं असं होतं, की वॉचमनला फक्त पाय दिसले होते. त्याने “काटेकाका गेले!” अशी आरोळी ठोकली आणि दोन मिनिटांत निम्मी इमारत खाली आली. काका बाहेर आले ते कपाळाला दिवा, हातात दातांचा आरसा आणि तोंडाला काळं अशा अवस्थेत. लोक आधी सुस्कारा टाकून मग हसले, आणि बराच वेळ हसत राहिले. सेक्रेटरींनी संध्याकाळी फलकावर सूचना लावली, ‘पार्किंगच्या जागेत झोपण्यास सक्त मनाई आहे.’ नाव नव्हतं, पण ते वाचताना प्रत्येक जण काकांच्या दाराकडे बघून घ्यायचा.

काकांच्या मनाला ते फार लागलं. म्हणून त्यांनी कपाळ घासून घासून धुतलं, आरसाही धुऊन परत केला आणि त्या काळ्या डागाबद्दल कोणाकडेही, अगदी मिस्त्रीकडेही, चकार शब्द काढला नाही.

आता गाडी भरणं आलं. काकांनी कागद घेतला आणि गाडीत बसायला कोणाला बोलावता येईल त्यांची यादी करायला बसले. त्या दिवशीसारख्या पाच जागा भरायच्या होत्या. वॉचमन, एक. डॉक्टरीणबाई ‘बघते’ म्हणाल्या होत्या, त्यांना अर्धं धरलं. सेक्रेटरींशी बोलणं बंद होतं. खात्यातले दोन मित्र होते, त्यांतला एक लेकीकडे राहायला गेला होता आणि दुसऱ्याचा फोन वर्षभरात लागला नव्हता. अर्ध्या तासाने यादीत दीडच माणूस होता. काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि पुन्हा दीडच निघाला. माणूस इतका एकटा असू शकतो हे त्यांना आतून माहीत होतं, पण त्याचं असं माप कधी घेतलं नव्हतं.

“माणसंच हवीत असं नाही,” मिस्त्री फोनवर म्हणाला. “वजन हवं. वाळूची पोती टाका.”

वजन म्हटल्यावर काकांच्या अंगात निरीक्षक संचारला. कोणतंही वजन चालणार नव्हतं, त्या दिवशी गाडीत होते त्यांचंच हवं, जो ज्या सीटवर होता त्याच सीटवर. त्यांनी मुलाला फोन लावला.

“तुझं वजन किती?”

“अं? अठ्ठ्याहत्तर. का हो बाबा?”

“सूनबाईंचं?”

मुलाने कुजबुजत एकसष्ट सांगितलं, आणि मागून लगेच “कोणाचं? कोणाला सांगताय?” असा सूनबाईंचा आवाज आला. नातू चौतीस. नातीचं त्यांनी मनाने एकवीस धरलं होतं, ते सव्वीस निघालं. पाच किलोंची नात आपल्याला न विचारताच वाढली, असं त्यांच्या मनात आलं. मग काकू फोनवर आल्या.

“माझं वजन कशाला? मोडीत काढताय की काय मला?”

“अगं, कामाचं आहे.”

“होतं तेवढंच आहे,” काकू म्हणाल्या आणि फोन नातवाकडे दिला.

काकांनी लिहिलं, अठ्ठावन्न.

वाळूचा टेम्पो फाटकावर आला आणि वॉचमनने तो अडवला. बांधकामाचं साहित्य आत आणायला सेक्रेटरींची सही लागत होती. म्हणजे काकांना बोलणं सुरू करावं लागलं.

“दुरुस्ती कसली?” सेक्रेटरी अर्जावरून नजर न काढता म्हणाले.

“गाडीची.”

“अर्जात ‘कोणती खोली’ असा रकाना आहे. तो रिकामा ठेवून चालणार नाही.”

काकांनी लिहिलं, ‘मधली सीट, मागची सीट व पुढची सीट.’ सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं, मग शेजाऱ्यांची ना-हरकत मागितली, मग वाळू जिन्यात सांडणार नाही असं हमीपत्र मागितलं. गाडी जिना चढत नाही, हे काकांनी शांतपणे सांगितलं. हमीपत्र तरीही द्यावं लागलं. यात चार दिवस गेले. आणि एवढं करून आलेलं पन्नास किलोचं पोतं काकांनी काट्यावर चढवलं, तर त्रेपन्न भरलं. वाळू ओली होती! तीन किलो पाणी! काकांनी सगळी वाळू ताडपत्रीवर पसरून दोन दिवस वाळवली, आणि इमारतीतल्या यच्चयावत मांजरांनी ती स्वतःच्या सोयीसाठी आहे असा समज करून घेतला. काका काठी घेऊन राखण करत बसले. या दोन दिवसांत त्यांच्याशी जितके लोक थांबून बोलले तितके वर्षभरात बोलले नव्हते. सगळे सल्ला द्यायलाच थांबत होते, पण थांबत होते.

शेवटी पाच पोती तयार झाली. प्रत्येकावर शाईने आकडा घातला. मुलगा आणि सूनबाई मध्ये, नातवंडं मागे, आणि काकू नेहमीप्रमाणे पुढे, काकांच्या शेजारी. पुढच्या सीटवर वजन पडताच गाडी ठणाणा करायला लागली, तेव्हा काकांनी वाकून त्या पोत्याला पट्टा लावला. मग बाकीच्यांनाही लावला. आपल्यात दुजाभाव नको.

मिस्त्रीच्या गॅरेजमागे मोकळं मैदान होतं. मिस्त्री पुढचं दार उघडून म्हणाला, “हे काढा, मी बसतो.”

“ते नाही निघायचं.”

“का?”

“तिथे हिची जागा आहे. तुम्ही मागे बसा.”

मिस्त्रीने काकांकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, आणि मागे जाऊन नातवाचे चौतीस किलो मांडीवर घेऊन बसला. काकांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि गोल फेऱ्या सुरू केल्या. एक फेरी. दोन. दहा. आवाज नाही.

“साहेब, अंडी नेताय का? दाबा जरा!”

काकांनी दाबलं. गाडी हुंकार भरून वळली, पोती एका बाजूला कलली, आणि उजव्या चाकाकडून स्पष्ट आलं, कट्-कट्-कट्-कट्-कट्.

“आला!” काका ओरडले. “आला, आला!” वर्षभराने घरात कोणीतरी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते तशाच गोल फेऱ्या मारत राहिले, आणि मिस्त्रीला “पुरे, पुरे, मला गरगरतंय,” असं तीनदा सांगावं लागलं.

मिस्त्रीने उजवं चाक काढलं. आतली बाजू काळ्या ग्रीसने माखलेली. रबराचा बूट बाहेरून धड दिसत होता, पण घडीच्या आत बोटभर फाटला होता.

“कधीचा फाटलाय हा. ग्रीस उडून गेलं, धूळ आत गेली, सांधा झिजला. वेळीच बूट बदलला असता तर सांधा वाचला असता.” त्याने ग्रीसवरून बोट फिरवलं. “हे कोणी हाताने पुसलंय. बोटं उमटलीत.”

काकांचे कान लाल झाले. “ते मला डांबर वाटलं.”

“अहो, मग सांगायचं नाही का? मी त्याच दिवशी चाक काढलं असतं! ना वाळू, ना पोती!”

“लोक हसत होते,” काका हळूच म्हणाले.

मिस्त्रीने पाना उचलला. तो कामाला लागला. नवा सांधा, नवा बूट, नवं ग्रीस, आणि जाताजाता बाकीचे तीन बूटही घडी उलगडून तपासून दिले. “दर सर्व्हिसिंगला चाक पूर्ण वळवून बघायचं,” तो म्हणाला. “एकटा माणूस बसला तर ही गाडी कधीच तक्रार करणार नाही. तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.” मग त्याच पोत्यांसकट पुन्हा दहा फेऱ्या झाल्या. कसलाही आवाज नाही. काका पैज जिंकले होते.

त्याच दुपारी त्यांनी पार्किंगमधूनच व्हिडिओ कॉल लावला. मुलाचं तोंड बघण्याची त्यांना घाई झाली होती. त्यांनी फोन एकेका सीटसमोर धरला. नातवंडं खिदळायला लागली. “आजोबा, मी कुठे? तो मी? मला पट्टा लावलाय!” सूनबाईंनी स्वतःचा आकडा बघून मुलाकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. मुलगा हसत म्हणाला, “बाबा, तुमच्यापुढे हात टेकले!” शेवटी काकांनी पुढची सीट दाखवली.

“आणि ही तू. अठ्ठावन्न.”

काकूंनी त्या पोत्याकडे बघितलं. मग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या आणि दार लावलं.

“पोतं जास्त भरलंय तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“शक्य नाही. दोनदा तोललंय.”

“नऊ किलो काढा.”

एकतीस वर्षं काकांनी दहा ग्रॅमची घट नुसत्या हाताने ओळखली होती. आता त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, आणि काकूंच्या गळ्याशी हाडं दिसतात हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

“बरं नाही का तुला?”

“सगळ्या तपासण्या झाल्या. काही नाही. ही दोघं कामावर जातात, मुलं शाळेत. दिवसभर घरात मी एकटी. एकटीपुरतं मांडून घ्यावंसं वाटत नाही, आणि घेतलं तरी घास उतरत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस? परत यायचंस!”

“कशाला? विचारलं की तुम्ही म्हणायचात, उत्तम चाललंय. उत्तम चाललेल्या घरात परत येऊन मी काय करायचं होतं?”

उत्तम चाललंय, हे काकांच्या पुन्हा ओठांवर आलं होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं.

“नाही चाललेलं,” ते म्हणाले. “अजिबात नाही चाललेलं. मीसुद्धा उभ्याउभ्याच काहीतरी खातो. गाडीत बसायला बोलवायचं म्हटलं, तर दीड माणूस निघाला.”

“दीड म्हणजे?”

“आलीस की सांगतो. येशील ना? राहायला?”

“हे विचारायला दोन वर्षं लागली तुम्हाला,” काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसताना फोन भलतीकडेच वळला. काकांना नुसतं छत दिसत राहिलं. तेही ते बघत राहिले.

थोड्या वेळाने मुलगा फोनवर आला. काकांनी सांगून टाकलं, “आईचं परतीचं तिकीट काढू नकोस.”

“पण बाबा, हे अचानक... आई काही म्हणाली का?”

“मी विचारलं, ती हो म्हणाली. आणि नऊ किलोंची घट आहे तिच्यात. तिथलंही उत्तम चाललेलं नाही, इथलंही नाही. मी काट्याचा माणूस आहे. मला एवढंच कळतं.”

“नाही काढत,” मुलगा म्हणाला.

काका पुन्हा गाडीशी आले. पुढच्या पोत्याचं तोंड सोडून त्यांनी मोजून नऊ किलो वाळू डब्यात काढली. पोतं सीटवर ढेपाळलं आणि पट्टा सैल पडला. काकांनी तो ओढून नीट बसवला.

वॉचमन बाकीची पोती न्यायला आला. त्याने पुढच्या पोत्यालाही हात घातला, तेव्हा काका म्हणाले, “ते राहू दे. वीस तारखेपर्यंत.”

“आणि या डब्यातली वाळू, काका? फेकू?”

“हात लावू नकोस. ती भरून द्यायची आहे,” काका म्हणाले, आणि डबा उचलून घरात घेऊन गेले.